अक्कल गुडघ्यात नाही, पण मांडीत थोडी असावी

पैलवानाची अक्कल गुडघ्यात, असं आमच्या बेळगावात सर्रास म्हणतात. म्हणणारा आधी आजूबाजूला पैलवान नाही ना, एवढं बघून घेतो. माझे थोरले चुलते येळ्ळूरकडच्या एका तालमीत वाढलेले, त्यामुळे आमच्या घरात हे वाक्य बोलायची सोय नव्हती. हल्ली शाळेत जीवशास्त्र शिकवताना मला ते वेगळ्याच कारणाने आठवतं. अक्कल गुडघ्यात नसते हे खरं. पण गुडघ्याच्या वीतभर वर, मांडीच्या स्नायूत, मेंदूला जपणारं काहीतरी तयार होतं आणि रक्तातून डोक्याकडे जातं, हे गेल्या वीसेक वर्षांत पुढे आलंय. टिंगल करणाऱ्यांचा नेम वीतभरच चुकला म्हणायचा.

आम्ही शाळेत शिकलो ते असं: स्नायू म्हणजे दोर. मेंदूने हुकूम सोडायचा, दोराने हाड ओढायचं. रक्तात रसायनं सोडायचं काम ग्रंथींचं, म्हणजे थायरॉइड, स्वादुपिंड वगैरे मंडळींचं. आता विचार करा, माणसाच्या वजनातला जवळजवळ चाळीस टक्के भाग हा हाडांना जोडलेला स्नायू. साठ किलोच्या माणसात चोवीस किलो. एवढा मोठा ऐवज फक्त ओढाओढी करतो आणि बाकी गप्प बसतो, हे कुणाला फारसं खटकलंच नव्हतं.

ज्यांना खटकलं त्यांनी काय केलं ते सांगण्यासारखं आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये सहा तरुणांना बसवलं आणि प्रत्येकाला एकाच पायाने, गुडघ्यातून लाथ झाडल्यासारखी हालचाल करायला लावली. एक पाय कामाला, दुसरा आरामात. हे चाललं पाच तास. मांडीत जाणारं रक्त आणि मांडीतून परत येणारं रक्त, दोन्हींचे नमुने घेत गेले. हिशेब साधा: आत गेलं त्यापेक्षा बाहेर जास्त आलं, तर ते मांडीने घातलेलं. काम करणाऱ्या पायातून इंटरल्यूकिन-6 नावाचं प्रथिन बाहेर पडत होतं. आराम करणाऱ्या पायातून नाही. ही गोष्ट 2000 सालची. इंटरल्यूकिन-6 तोवर ओळखलं जायचं ते तापातलं, सुजेतलं रसायन म्हणून. आजारी माणसाच्या रक्तात वाढणारं हे प्रकरण धडधाकट पोराच्या मांडीतून का यावं? मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या रक्तात तर ते शंभर पटीपर्यंत वाढलेलं सापडतं आणि काही तासांत उतरूनही जातं. या कामामागच्या बेंटे पेडरसन यांनी 2003 मध्ये अशा प्रथिनांना नाव सुचवलं, मायोकाइन. मायो म्हणजे स्नायू, काइन म्हणजे हालचाल. आता या यादीत शेकड्यांनी नावं आहेत. सगळ्यांची कामं कळलेली नाहीत.

मेंदूच्या गोष्टीतलं सगळ्यात गाजलेलं नाव आयरिसिन. 2012 साली हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेतून ते पुढे आलं. स्नायूच्या पेशीच्या आवरणावर एफएनडीसी5 नावाचं एक प्रथिन खोचलेलं असतं. व्यायाम केला की त्याचा बाहेरचा तुकडा कापला जातो आणि रक्तात पडतो. तो तुकडा म्हणजे आयरिसिन. आयरिस ही ग्रीक पुराणातली निरोप पोचवणारी देवी, तिच्यावरून हे नाव. आपल्याकडे सापडलं असतं तर ‘नारदिन’ म्हणालो असतो, आणि पुढे जी भांडणं लागली ती बघता तेच जास्त शोभलं असतं.

भांडण असं: उंदराच्या ज्या जनुकातून आयरिसिन बनतं, तेच जनुक माणसात आहे, पण त्याच्या सुरुवातीची खूण वेगळी आहे. जनुक वाचायला कुठून लागायचं हे सांगणारी तीन अक्षरांची खूण बहुतेक ठिकाणी एटीजी असते, इथे माणसात ती एटीए आहे. पाटीवरचं एक अक्षर बदललं की गाडी कुठल्या गावची हे कळत नाही, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे काही जण म्हणाले, माणसात हे प्रथिन धड बनतच नसेल. वर बाजारात आयरिसिन मोजायची जी तयार किट मिळत होती, ती भलतंच काही मोजतायत असं 2015 मध्ये दाखवलं गेलं. किटवर विसंबून निघालेले कितीतरी निष्कर्ष त्या दिवशी लटकले. त्याच वर्षी स्पीगलमन यांच्याच गटाने मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचे तुकडे अक्षरशः वजनावर ओळखणाऱ्या यंत्राने, माणसाच्या रक्तात ते दाखवून दिलं: बैठ्या माणसांत एका मिलिलिटरमागे साधारण 3.6 नॅनोग्रॅम, व्यायाम सुरू केलेल्यांत 4.3. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. फरक छोटा आहे, पण आहे. मी हे भांडण मुद्दाम सांगतोय. व्हॉट्सअॅपवर ‘व्यायामाचं चमत्कारी हार्मोन’ म्हणून जे फिरतं त्यात हा भाग गाळलेला असतो.

बरं, मांडीने निरोप धाडला, रक्तात पडला. पण मेंदूत शिरणं सोपं नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं वाटेल ते आत झिरपत नाही. याला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. मुलांना मी कोगनोळीचा नाका सांगतो. 2021 मध्ये निपाणीच्या पुढे हायवेवर कोगनोळीला महाराष्ट्रातून येणारी गाडी अडवून कोरोनाचा रिपोर्ट मागत होते. ज्याच्याकडे कागद तो आत, नसेल तर गाडी वळवा. आमची मावशी कागलला. नाक्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणायला हरकत नाही, पण राज्य वेगळं. त्या दिवसांत तिने केलेल्या चकल्या आमच्यापर्यंत आल्या त्या अशा: मावसभावाने बॅरिकेडच्या पलीकडून डबा दिला, मी अलीकडून घेतला. तो आत आला नाही. डबा आला.

मेंदूच्या नाक्यावर हे सगळे प्रकार चालतात. काही रेणूंकडे आत जायचा परवाना असतो. साखरेला स्वतःचं दार आहे. जोरात धावल्यावर स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टेटलाही आहे. ज्याला आपण नुसतं पाय भरून आणणारं ‘अॅसिड’ म्हणत आलो तेच लॅक्टेट उंदरांच्या मेंदूत जाऊन कामाला लागतं, असं 2019 मध्ये दिसलं. आयरिसिनचं 2021 मध्ये कळलं. उंदराच्या यकृताकडून जादा आयरिसिन बनवून घेतलं, तर ते नाका ओलांडून मेंदूत सापडलं आणि त्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. काही निरोप मात्र डब्यासारखे असावेत, आणणारा दारातच थांबत असेल आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतली पेशी पुढचं बघत असेल.

याच नाक्याशी निगडित एक उलटी गोष्ट आहे आणि मला ती आयरिसिनपेक्षाही आवडते. सतत ताणाखाली असलेल्या शरीरात किन्युरेनिन नावाचं द्रव्य वाढतं. त्याच्याकडे परवाना आहे, ते मेंदूत शिरतं आणि तिथे नैराश्याला खतपाणी घालतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत 2014 साली असं दिसलं की कसलेला स्नायू या किन्युरेनिनचं किन्युरेनिक आम्ल करून टाकतो. हे आम्ल नाका ओलांडू शकत नाही. म्हणजे स्नायूने गाडी फोडली नाही, नुसती नंबरप्लेट बदलली, आणि नाक्यावरच्या शिपायाने ती परत पाठवली. इथे स्नायू निरोप्या राहत नाही, यकृतासारखा रक्त निवळून देणारा होतो. संध्याकाळी पाऊण तास चालून आल्यावर डोकं हलकं वाटतं, त्यात ‘मोकळी हवा’ किती आणि हे किती, कुणास ठाऊक.

आत पोचल्यावर काय होतं? कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, समुद्रघोड्यासारखा वळलेला मेंदूचा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. आज सकाळी किल्ली कुठे ठेवली, काल कोण आलं होतं, हे नवं सगळं आधी इथे नोंदलं जातं. म्हातारपणी लवकर झिजणाऱ्या भागांत हाही येतो. इथल्या पेशींना जगवणारं, त्यांच्या फांद्या वाढवणारं एक प्रथिन आहे, बीडीएनएफ. ते 1982 मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं, आणि दीड किलो मेंदूतून हाती आलं साधारण एक मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकं ते कमी असतं आणि इतक्यावर भागतं. तरवा लावल्यावर मुळं धरायच्या दिवसांत भाताला जे लागतं, तसं ते पेशीला. 2013 मध्ये उंदरांत दिसलं की व्यायामानंतर एफएनडीसी5 वाढतं आणि त्याच्या मागोमाग हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ वाढतं. मांडी ते आठवण, अशी साखळी पहिल्यांदा कागदावर काढता आली.

दुसरा निरोप्या कॅथेप्सिन-बी. 2016 मध्ये धावणाऱ्या उंदरांत, माकडांत आणि चार महिने ट्रेडमिलवर चाललेल्या-धावलेल्या माणसांत ते वाढलेलं दिसलं, आणि ज्यांच्यात जास्त वाढलं त्यांना एकदा बघितलेली किचकट आकृती आठवून पुन्हा काढायला जास्त जमली. ज्या उंदरांत हे प्रथिन बनतच नव्हतं, ते धावून धावून दमले, पण आठवणीत काडीचा फरक नाही. (हेच कॅथेप्सिन-बी कर्करोग पसरायला मदत करतं असाही त्याच्यावर आळ आहे. शरीरात कुठलंही प्रथिन जन्मतः साधू नसतं.)

आता अल्झायमर. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून किंवा ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपवतात. भारतात साठीच्या पुढच्यांत 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, असल्याचा अंदाज 2023 मध्ये आला. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. अल्झायमर हा त्यातला मुख्य प्रकार. त्यात पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ बसत जातो.

गाळ म्हटलं की शहापूर-वडगाव-येळ्ळूर शिवारातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे बळ्ळारी नाला येतो. नाल्यात गाळ आणि जलपर्णी साठते, पावसाळ्यात पाणी पुढे सरकत नाही आणि उभं भात कुजतं. दरवर्षी हीच रड. पाऊस काही जास्त पडतोच असं नाही, उपसणारा कमी पडतो. मेंदूतही अमायलॉइड रोज थोडं तयार होतच असतं आणि रोज उपसलंही जातं. उपसणाऱ्यांपैकी एक आहे नेप्रिलायसिन, अमायलॉइड कातरून टाकणारं एन्झाइम. बोस्टनच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं की आयरिसिन मिळालं की अॅस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींची उस्तवार करणाऱ्या ताऱ्यासारख्या पेशी, जास्त नेप्रिलायसिन बाहेर सोडतात आणि गाळ कमी होतो. हा प्रयोग जिवंत मेंदूत झालेला नाही. माणसाच्या पेशी भांड्यात त्रिमितीत वाढवून झाला. त्याआधी 2019 मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोमधल्या गटाने अल्झायमर असलेल्यांच्या मेंदूत आयरिसिन कमी असल्याचं सांगितलं होतं. अल्झायमरसारखा आजार मुद्दाम घातलेल्या उंदरांना त्यांनी पोहायला लावलं, आणि आयरिसिनचा मार्ग अडवला तेव्हा पोहण्याचा आठवणीला होणारा फायदा बराचसा गेला. शिवाय मेंदूतल्या पहारेकरी पेशी उतारवयात उगाचच खवळलेल्या असतात, आणि चोर सोडून घरच्यांनाच मारतात. आयरिसिनमुळे उंदरांत त्याही शांत झालेल्या दिसल्या.

उंदीर, उंदीर, उंदीर. माणसाचं काय?

माणसांवरचा जो प्रयोग सगळे सांगतात तो 2011 चा, अमेरिकेतला. पंचावन्न ते ऐंशी वयाची 120 माणसं, दोन गट. एक गट आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालला, दुसऱ्याने अंग ताणायचे हलके प्रकार केले. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला, दुसऱ्यांचा 1.4 टक्क्यांनी घटलेला. मी हे वाचलं तेव्हा दुसऱ्याच दिवसापासून टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो नावाच्या मैदानावर चालायला जाऊ लागलो. आठ दिवस गेलो, खोटं कशाला बोला. मग 2022 मध्ये जवळपास तीनशे जणांवरच्या, आधीच थोडं विसरायला लागलेल्यांवरच्या एका प्रयोगाचा निकाल आला. त्यात दमवणारा व्यायाम करणारे आणि नुसते हातपाय ताणणारे, दोघांच्यात फरकच निघाला नाही. गंमत म्हणजे वर्षभरात दोन्ही गट घसरले नाहीत, जिथे घसरण अपेक्षित होती. ताणण्यातही काही असेल. किंवा दर आठवड्याला कुणीतरी ‘या की’ म्हणून बोलावतंय, नावाने हाक मारतंय, त्याचंही असेल. डेपोतल्या झाडांखाली चालणाऱ्यांपेक्षा कट्ट्यावर बसून बोलणारेच जास्त दिसतात, त्यांना मी तेव्हापासून हसत नाही.

आमच्या चुलत्यांच्या तालमीतले वस्ताद आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. पहाटे हौद्याच्या कडेला दोरी धरून ते अजून बैठका मारतात, सावकाश, एकेक. तांबडी माती नुकतीच उकरलेली, तेल, ताक, हळद घातलेल्या त्या मातीचा ओला आंबूस वास. खाली जाताना मांडीचा पट फुगतो तो मी जवळून बघितला: शरीरातला सगळ्यात मोठा स्नायूगट, वरखाली. कुठल्या साली येळ्ळूरच्या मैदानात कोण कुणावर घिस्सा मारून जिंकला, हे त्यांना पाठ आहे. मी त्यांना आयरिसिनबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे पट डोस्क्याला निरोप धाडतोय म्हणा की.” यावरून ‘बघा, बैठकांचा परिणाम’ असं लिहायचा मोह होतो. पण त्यांच्याच जोडीला, त्याच मातीत, तेवढ्याच बैठका मारलेले त्यांचे दोस्त आज स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत. लँसेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं धरली आहेत, ती सगळी मिळून 45 टक्क्यांच्या आसपास जातात. व्यायामाचा अभाव त्यातलं एक. ब्लडप्रेशर, साखर, कमी ऐकू येणं, एकटेपणा, कमी शिक्षण, हीही त्यात. उरलेल्या पंचावन्न टक्क्यांपुढे बैठका काय करणार?

शाळेच्या पालकसभेत हे बोललो की एक प्रश्न हमखास येतो. “सर, आम्ही दिवसभर राबतोच की, अजून कसला व्यायाम?” खानापूरकडे रोप लावायला दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईला मी काय सांगणार? तिचे स्नायू निरोप धाडतच असतात. पण निपाणीत सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या मावशी? त्याही राबतात, मरणाच्या राबतात, पण राबतात ती बोटं. पट आणि पोटऱ्या तासन्तास मुडपून पडलेल्या. दमणं आणि स्नायू कामाला लागणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे अन्यायाचं वाटलं तरी रक्ताला दमण्याचं सोयरसुतक नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचं काही सांगते. भराभर म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. ताकदीच्या कामाला जिम लागतेच असं नाही, खुर्चीतून हात न टेकता उठणं हीसुद्धा बैठकच आहे. निरोप काही तासांतच विरून जातो, म्हणून रविवारी एकदम सुळग्यावरून राजहंसगड चढून आठवडाभर आडवं होण्यापेक्षा रोज थोडं बरं. गुडघे गेलेले असतील, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, हे काही मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही.

गोळी कधी येणार, हेही विचारतात. आयरिसिन टोचून घ्यायचं इंजेक्शन आज कुठल्याही दुकानात नाही. कुणी विकत असेल तर फसवतोय. आलं तरी ते शेकड्यातल्या एका निरोप्याचं असेल.

माझी आई अठ्ठ्याहत्तरची. गेल्या वर्षापासून ती तेच ते विचारते. मोटरची थ्री फेज आली काय, हे दुपारी चारदा. शेत विकून सहा वर्षं झाली. तिला मी स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीतून दहा वेळा उठायला लावतो, सकाळी एकदा, कुकर लावल्यावर एकदा. पहिले चार-पाच नीट मोजते. मग मधेच थांबते, माझ्याकडे बघते. “किती झालं रे?” मी सांगत नाही. “जाऊ दे, पैल्यापास्नं घेतो,” म्हणते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. दहाच्या जागी कधी सोळा होतात, कधी अठरा.